हात मागे, तोंड बंद

माझा आणि रोबोटचा संबंध यावा असे काहीही कारण नव्हते. मी लेखापरीक्षण करणारा माणूस आहे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका त्यांना, शक्यतो चारचौघांत, दाखवून देणे हे माझे उपजीविकेचे साधन आहे. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये सातवीतल्या आमच्या कन्येने आणि तिच्या पाच मित्रमैत्रिणींनी फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबोट-स्पर्धेत उतरायचे ठरवले आणि संघाला मोठ्या वयाचा मार्गदर्शक लागतो म्हणून माझे नाव परस्पर देऊन टाकले. माझी पात्रता एवढीच होती, की नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराचा दिवाणखाना आठ फुटी टेबल मावेल इतका लांब होता.

हे टेबल म्हणजे रोबोटचे मैदान. त्यावर साधारण २३६ सेंटीमीटर लांब आणि ११४ सेंटीमीटर रुंद अशी छापील चटई अंथरतात आणि तिच्यावर लेगोच्या तुकड्यांतून बांधलेली देखावेवजा यंत्रे मांडतात. प्लायवूड आठ बाय चार फुटांचे तयार मिळत असल्यामुळे, काहीही कापावे लागणार नाही हे ऐकून आमचा सुतार इतका खूश झाला, की त्याने पलंगाला ड्रॉवर किती लावायचे, असे विचारले. टेबल आले, सोफा गच्चीच्या जिन्यात गेला आणि पुढचे चार महिने आमचे कुटुंब स्वयंपाकघरात मांडी घालून जेवले.

पहिल्याच बैठकीत मुलांनी मला नियम समजावून सांगितला. रोबोटची बांधणी आणि त्याचा प्रोग्राम, दोन्ही मुलांनीच करायचे. मोठ्यांनी प्रश्न विचारावेत, उत्तरे देऊ नयेत. कन्येने एक कागद भिंतीवर डकवला : ‘बाबांनी हात मागे ठेवावेत.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी ‘आणि तोंड बंद’ अशी पुरवणी जोडली. नागपूरच्या माणसाला सल्ला न देता पाच मिनिटे उभे राहायला सांगणे म्हणजे काय, हे रस्त्यात बंद पडलेल्या स्कूटरभोवती जमलेली गर्दी ज्याने पाहिली आहे त्यालाच कळेल.

त्यातून त्या हंगामाचा विषय होता समुद्र. प्रवाळ, शार्क, पाणबुड्या, बुडालेले जहाज आणि भुकेला देवमासा, असा सारा प्रकार त्या टेबलावर होता, आणि आम्ही राहतो समुद्रापासून दूर, झिरो माइलच्या गावात. आमच्या संघातल्या सहापैकी चौघांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. पाण्याच्या लाटांविषयीची त्यांची कल्पना फुटाळा तलावापाशी संपत होती. स्पर्धेत रोबोटबरोबर एक शोधप्रकल्पही मांडावा लागतो. ‘आपला नि समुद्राचा काय संबंध?’ असे मी, नियमाप्रमाणे प्रश्नाच्या रूपात, विचारले. त्यावर एका मुलाने नकाशा काढून नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेसह प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला कशी मिळते, हे बोटाने दाखवले आणि शेवटी म्हणाला, “काका, तुम्ही अंबाझरी तलावात टाकलेलं वेफर्सचं पाकीट आंध्रात पोहोचून राहिलं.” मी ते पाकीट टाकले होते हे त्याला कसे कळले, ते मला आजवर कळलेले नाही. प्रकल्प मात्र ठरला.

रोबोटविषयी माझा समज असा होता, की ते यंत्र असल्यामुळे एकदा जे केले ते पुन्हापुन्हा तसेच करणार. प्रत्यक्षात तो पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला सांगितलेल्या पोरासारखा वागतो. सुरुवातीला मुलांनी त्याला ‘दोन सेकंद पुढे जा’ असे सांगितले होते. बॅटरी पूर्ण भरलेली असली की तो शार्कला धडकायचा आणि उतरली की वाटेतच बसायचा. मग मुलांनी सेकंद सोडून चाकाचे अंश मोजायला घेतले. चाकाचा व्यास ५.६ सेंटीमीटर, म्हणजे ३६० अंशांच्या एका फेऱ्यात सुमारे साडेसतरा सेंटीमीटर अंतर. हे गणित वहीत होते तोवर कोणाला आवडले नव्हते, टेबलावर आल्यावर त्यावरून दोघांत अबोला झाला.

रविवारी सरावाला तर्री-पोहे असत. एका रविवारी रोबोट नव्वद अंशांत वळायचे सोडून कधी चौऱ्याऐंशी, कधी ऐंशी अंशांतच थांबू लागला. दीड तास प्रोग्राम तपासला गेला. मी हात मागे बांधून, ओठ दाबून, घामाघूम होऊन उभा. शेवटी एका मुलीने चाकाला बोट लावून ते हुंगले आणि निदान केले : तर्री. रबराच्या चाकाला तेल लागून ते जागच्या जागी घसरत होते, आणि चाक फिरले म्हणजे रोबोट वळला, असे प्रोग्राम गृहीत धरत होता. त्या दिवसापासून वळण्यासाठी, रोबोट स्वतः किती वळला ते मोजणाऱ्या जायरो सेन्सरवर विश्वास ठेवायचे आणि पोह्यांनंतर साबणाने हात धुवायचे ठरले. सेन्सरवर विश्वास ठेवायला मुलांना दोन आठवडे लागले. साबणाचे अजून जमलेले नाही.

रंग ओळखणारा सेन्सर मात्र माझ्या आईच्या ताब्यात होता. तो चटईवरून परतणारा उजेड मोजून काळी रेघ ओळखतो. आई दुपारी पडदा सारायची, खिडकीतून ऊन चटईवर यायचे आणि रोबोट रेघ सोडून प्रवाळात घुसायचा. “कासव कुठं चाललं गं तुमचं?” असे ती विचारायची. नात चिडायची, पण आजी नकळत इतिहासच सांगत होती. गणितज्ञ सिमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, आणि पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारे जे यंत्र आले त्याला कासवच म्हणत. हे मी आईला सांगितले. तिने पडदा पुन्हा सारला.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. देवमाशाच्या तोंडात क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव टाकायचे असतात. आमचा रोबोट त्या तोंडाशी जेमतेम सेंटीमीटरभर आधी थांबून सगळे क्रिल चटईवर सांडत असे, आणि हे मी सलग नऊ दिवस पाहिले होते. दहाव्या रात्री घर झोपल्यावर मी उठलो, लॅपटॉप उघडला, प्रोग्राममधल्या ‘पुढे जा’ असे लिहिलेल्या ठोकळ्यातले ३६० अंश पुसून ३८० केले आणि रोबोट चालवून पाहिला. क्रिल तोंडात पडले. त्या रात्री मला जी झोप लागली तशी मार्चअखेर संपल्यावरही लागत नाही.

सकाळी देवमासा जेवला आणि बाकीचा समुद्र उद्ध्वस्त झाला. तो ठोकळा मुलांनी एकदाच लिहून पाच ठिकाणी वापरला होता, त्यामुळे शार्कपासून जहाजापर्यंत प्रत्येक जागी रोबोट सेंटीमीटरभर पुढे जाऊ लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, या शिस्तीने मुलांनी चाके, बॅटरी, सेन्सर, शेवटी आजीचा पडदासुद्धा तपासला. तिसऱ्या दिवशी कन्येने फाइल शेवटची कधी जतन झाली ते पाहिले. रात्री ११.४०. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही ऑफिसात दुसऱ्याच्या वहीत आकडा बदलला, तर त्याला काय म्हणतात?” त्याला काय म्हणतात ते मला चांगले ठाऊक आहे.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांनी मुलांना विचारले, की मोठ्यांची मदत कितपत झाली. मी दाराशी उभा होतो. संघातल्या सगळ्यात लहान मुलाने अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर दिले, “काकांनी एकदाच केली. ती दुरुस्त करायला आम्हाला तीन दिवस लागले.” परीक्षक हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

रोबोटची फेरी अडीच मिनिटांची असते, अशा तीन फेऱ्या होतात आणि त्यांतले सर्वोत्तम गुण धरतात. सुरुवातीला सहा बिल्ले मिळतात. रोबोट बाहेर अडकला आणि हाताने उचलून आणला, की एक बिल्ला जातो. पहिला गेल्यास गुण कमी होत नाहीत, त्यापुढे मात्र होतात. पहिल्या फेरीत आमचे चार गेले, दुसरीत तीन. तिसरीत एकही गेला नाही. प्रवाळ झाले, शार्क झाला, आणि वीस सेकंद उरले असताना रोबोट देवमाशाकडे निघाला. जामठ्याच्या स्टेडियमवर सीमारेषेकडे चाललेल्या चेंडूबरोबर प्रेक्षक जसे कमरेतून वाकतात तसा मी वाकलो होतो, हे मला पंचांनी मागे सरकायला सांगितल्यावर कळले. क्रिल तोंडात पडले. पुढच्या पातळीवरच्या स्पर्धेसाठी आमची निवड थोडक्यात हुकली, आणि त्यापेक्षा परतीच्या वाटेवर संत्र्याचा ज्यूस मिळाला नाही याचे मुलांना जास्त वाईट वाटले.

गाडीत मागच्या सीटवर सगळे झोपले होते. वर्धा रोडच्या सिग्नलला कन्या हळूच म्हणाली, “बाबा, देवमाशाला आम्ही वेगळा आकडा दिला. ३६० कमीच पडत होतं. ३७२ पाहिजे होतं.”

“म्हणजे मी वाढवला ते...”

“ते तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं आमचं,” ती म्हणाली, आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवले.