हो सर!

सोलापूर जिल्ह्यात मास्तर असणं २०२० पासून अवघड होऊन बसलंय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी त्या वर्षी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जिंकले. वर १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ स्पर्धकांना वाटूनही मोकळे झाले. तेव्हापासून पंगतीत शेजारचा पाहुणा हमखास विचारतो, “तुम्हीबी गुरुजीच की ओ. मग तुम्ही काय केलं?”

मी शेंगाचटणी मागून घेतो.

शेवटी लेकीनं मोबाइलवर ‘प्लिकर्स’ नावाचं ॲप टाकून दिलं. प्रत्येक पोराच्या हातात एक कागदी कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी. चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं आणि मास्तरनं वर्गावरून कॅमेरा फिरवायचा. पोरांना मोबाइल लागत नाही, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यानं शेजाऱ्याचं बघून धरायचीही सोय नाही. (ही सोय काढून घेतल्याबद्दल मागच्या बाकानं तीव्र नाराजी व्यक्त केली.)

दिवस एप्रिलचे, पारा ४२ वर. पंखा लावला की कार्डं उडायची. बंद केला, तर पोरं कार्डानंच वारा घ्यायला लागली. हलत्या नक्षीपुढं कॅमेरा काय वाचणार! “हात स्थिर!” म्हणून मी ओरडलो, तर माझाच हात हलला. तेवढ्यात मुख्याध्यापक ग्रुपवर टाकायला फोटो काढून गेले. फोटोत आम्ही सगळे फार प्रगत दिसतोय.

प्रश्न सहावीचा, साधाच. १/२ अधिक १/३ किती? आदल्याच दिवशी छेद समान करून, फळा भरून शिकवलेलं. “समजलं का?” विचारलं होतं. ४६ पोरं एका सुरात “हो सर!” म्हणाली होती.

मोबाइल म्हणाला, २९ जणांचं उत्तर २/५.

वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. हिशेब कसा, चोख! मी खुर्चीत बसलो. २२ वर्षं मी “समजलं का?” विचारतोय आणि २२ वर्षं “हो सर!” ऐकून सुखानं घरी जातोय. मग आतापर्यंत किती जणांना २/५ देऊन पाठवलं असेल? त्यातला एखादा आज बँकेत असला तर?

दुसऱ्या दिवशी मोबाइल खिशातच ठेवला आणि डब्यातून कडक भाकरी नेली. एक अर्धी ठेवली, तिला दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा जोडला. “बघा, अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली. आणि तुमचे २/५ तर अर्ध्याहूनही कमी. भाकरी वाढवल्यावर कमी कशी झाली रे?”

वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला.

“सर, कडक भाकरी हाय की. मोडताना चुरा सांडला असंल.”