'आधी हत्यार द्या' म्हणणाऱ्या वाचकास

जवानांच्या सरावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सरावाचे गोडवे गाणं म्हणजे जवानांच्या हाती जुनाट हत्यारं देणाऱ्यांना आयतं निमित्त पुरवणं. १९६२ला आपली माणसं सरावात कमी पडली होती का?' हा तुमचा सवाल मला लागला, कारण १९६२ बाबत तुमचं खरं आहे.

त्या चीन युद्धात लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊं या पायदळाच्या पलटणीच्या हातात .३०३ रायफल होती. गोळी झाडली की बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, मग पुढची गोळी. अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नाहीत, आणि मध्ये डोंगर आडवा असल्याने आपल्या तोफांची मदतही नाही. तिथे लढलेले मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या माणसांबद्दल 'सराव हवा होता' असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

पण पुढे तुम्ही लिहिता, 'हत्यार उत्तम असलं की माणूस आपोआप शिकतो.' हे मात्र मला मुळीच पटत नाही.

सप्टेंबर १९६५, पंजाबातल्या खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, आपल्याकडे सेंच्युरियन आणि दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. भारतीय नोंदींनुसार त्यांनी तिथे ९७ रणगाडे गमावले. सगळं श्रेय सरावाला देणार नाही. शेतांत पाणी सोडलेलं होतं, आपले रणगाडे उसात दडले होते, त्यांची चढाईच फसली. तरी पॅटनचं अंतरमापक यंत्र बघा. त्यात दोन्ही डोळ्यांनी खोलीचा अंदाज घेऊन अंतर जुळवावं लागतं. ते सगळ्यांना सारखं जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांनाही हात बसायला वेळ लागतो. ही यंत्रणा त्यांच्या तुकड्यांना नीट वापरता आली नाही, असं अनेक अभ्यासकांनी नंतर मांडलंय.

उलट, त्याच रणात पॅटन फोडणाऱ्या आपल्या हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे होती जीपवरची १०६ मिमी रिकॉयललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी, तोफ. चिलखत नाही, काही नाही. आधी वरच्या छोट्या रायफलने निशाणा पक्का करायचा, मग गोळा सोडायचा. गोळा सुटला की मागे धुरळ्याचा लोट उठतो आणि जागा उघडी पडते. लगेच जीप हलवली नाही तर संपलंच. ही घाई अंगात मुरलेली असावी लागते.

माझे मामा विजयंता रणगाड्यावर लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारे, होते, नगरला शिकलेले. तोफेत गोळा ढकलायचा कसा, ते मला लहानपणी पाटावर बसून दाखवायचे: मूठ घट्ट मिटून, कधीच उघड्या पंजाने नाही. गोळा आत बसताच तोफेचं दार आपसूक बंद होतं, बोटं मध्ये राहिली तर जातात. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी कपाटाचा खण बंद करतानाही त्यांची मूठ मिटलेली असायची.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. नवं हत्यार घेताना त्याच्या किमतीतच सरावाचे गोळे, सिम्युलेटर आणि शिकवणारे उस्ताद धरा. ते नंतर बघू म्हणून सोडू नका. तुम्ही मागताय ती चांगली रायफलही मला हवीच आहे.

मूळ लेखात मी लिहिलं होतं, 'हत्यार दुय्यम.' रेझांग लाच्या माणसांवर त्यानं अन्याय होतो. ते वाक्य आज काढून टाकलंय.