ओसुमींना नोबेल उपवासासाठी मिळालं नाही

मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. मजकूर साधारण असा: "जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, कारण माणूस १६ तास उपाशी राहिला की शरीर स्वतःच्याच कॅन्सरच्या आणि खराब पेशी खाऊन टाकतं, हे त्यांनी सिद्ध केलं. याला ऑटोफॅजी म्हणतात. वाईट जीन्स बंद होतात, चांगली चालू होतात. उपास जितका मोठा तितकी सफाई जास्त. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं, म्हणून एकादशी. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन सोडा, शरीर स्वतः बरं होतं."

घरच्या ग्रुपवर हा मेसेज आला. ग्रुपमधली एक व्यक्ती रोज सकाळी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेते. तेव्हा हसून पुढे जाता येत नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

"गोळ्या आणि इन्सुलिन सोडा"

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीच्या आवरणावर पोटॅशियम बाहेर सोडणारी प्रथिनांची दारं असतात. रक्तातली साखर वाढली की पेशीत एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं आणि त्यामुळे ही दारं मिटतात. मग आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर कमी असली की दारं उघडी राहतात आणि इन्सुलिन आत थांबतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या थेट त्या दाराला चिकटून ते मिटवतात. पोटात अन्न आहे की नाही, हे गोळीला कळत नाही. ग्लिमेपिराइडचा परिणाम जवळपास दिवसभर टिकतो आणि मूत्रपिंड अधू असेल तर त्याहूनही लांबतो. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत कडक उपास केला की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. मग घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ आणि शेवटी शुद्ध हरपणं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. घरचे म्हणतात, "उपासामुळे थकवा आलाय, जरा पडू द्या." माणूस पडून राहतो आणि साखर आणखी उतरते.

दुसरा धोका उलट दिशेने येतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडातलं साखर परत शोषणारं प्रथिन अडवतात, त्यामुळे साखर लघवीवाटे जाते. त्यात उपास घडला की इन्सुलिन खाली जातं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वर येतं, चरबी वितळून त्यातून तयार होणारे आम्लधर्मी कीटोन वाढतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागतं. यातली खरी फसगत अशी की ग्लुकोमीटर १५०-२०० दाखवतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं असतील तर साखरेचा आकडा बरा दिसला तरी रुग्णालयात न्यायचं आणि कीटोन तपासायला सांगायचं. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी या दोन्ही गोळ्या किमान तीन दिवस थांबवायला सांगतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. पण ते डॉक्टर सांगतात आणि साखरेची दुसरी सोय लावून सांगतात.

आणि इन्सुलिन. "जेवणारच नाही तर इंजेक्शन कशाला?" हा प्रश्न टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) माणसाने विचारला तर उत्तर एकच: जेवला नाहीत तरी यकृत साखर तयार करत राहतं आणि तिला लगाम घालायला इन्सुलिनच लागतं. ते पूर्ण बंद केलं की एक-दोन दिवसांत, कधी त्याआधीच, कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं, सुरू होतो. उपासाच्या दिवशी मात्रा कमी करावी लागू शकते. ती किती, हे डॉक्टर ठरवतात. फॉरवर्डने नाही.

"ओसुमींनी सिद्ध केलं"

ओसुमींनी काय केलं ते मुळातून पाहू, कारण बाकीच्या निम्म्या दाव्यांचं उत्तर त्यातच आहे.

ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणं, हा शब्द त्यांचा नाही. तो ख्रिस्तियान द दुव यांनी १९६३ मध्ये वापरला. लायसोसोम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली लयकारिका, पेशीतली पचनाची पिशवी, शोधली तीही त्यांनीच आणि १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ओसुमींनी यीस्ट घेतलं, तेच पाव फुगवणारं. यीस्टमध्ये लयकारिकेचं काम रिक्तिका करते. आत आलेला माल ती इतक्या झटपट पचवते की सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. म्हणून त्यांनी रिक्तिकेतली प्रथिनं पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट वापरलं आणि ते पोषकद्रव्यं काढून टाकलेल्या माध्यमात ठेवलं. १९९२ च्या शोधनिबंधात निरीक्षण दिलं आहे: तासाभरात रिक्तिकेत थोडे गोल कण थरथरताना दिसू लागले आणि तीन तासांत रिक्तिका त्यांनी जवळजवळ भरून गेली. कणांचा व्यास ४०० ते ९०० नॅनोमीटर.

कणांच्या आत काय होतं? प्रथिनं बांधणारे रायबोझोम, ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका, मेदाचे आणि ग्लायकोजेनचे कण. आणि या कणांमधली रायबोझोमची दाटी बाहेरच्या पेशीद्रवाइतकीच होती. ही ओळ मेसेज लिहिणाऱ्याने वाचली असती तर शरीर "खराब" तेवढंच निवडून खातं असं त्याने सुचवलं नसतं. उपासमारीची ऑटोफॅजी मुख्यतः समोर येईल ते ओंजळीने उचलते. पेशीला अमिनो आम्लं हवी असतात, धडधाकट रायबोझोम मोडून ती मिळत असतील तर तेही चालतं.

१९९३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने नायट्रोजनचा पुरवठा तोडल्यावर हे कण तयार करू न शकणारे यीस्टचे बिघडलेले वाण शोधले आणि त्यांचे १५ जनुकीय गट लावले. नोबेल मिळालं ते या यंत्रणेसाठी. कुठलं प्रथिन आधी जागं होतं, कुठलं पडदा वाढवतं, कुठलं त्याला चिकटतं, याचा उलगडा तिथून सुरू झाला. यात माणूस नाही, कॅन्सर नाही आणि १६ हा आकडाही नाही. शिवाय नायट्रोजनचा पुरवठा तोडायच्या नेहमीच्या माध्यमात २ टक्के ग्लुकोज असतं. "उपाशी" यीस्ट साखरेत पोहत असतं, त्याच्याकडे नसतो तो प्रथिनं बांधायचा कच्चा माल.

"शरीर कॅन्सरच्या पेशी खातं"

हे सगळ्यात अडाणी विधान आहे आणि त्याने आशा लावलेल्या रुग्णांचा विचार केला तर सगळ्यात क्रूरही.

ऑटोफॅजी एका पेशीच्या आत घडते. पेशी स्वतःचाच काही भाग दुहेरी पडद्याच्या पिशवीत बंद करते, ती पिशवी लयकारिकेला जोडते आणि आतला माल पचवून सुटे भाग परत वापरते. शेजारची पेशी खाणं हे वेगळं काम आहे, ते प्रतिकारशक्तीच्या पेशी करतात. नावं मिसळली की अर्थही मिसळतो.

मग कॅन्सरच्या पेशीच्या आत ऑटोफॅजी वाढली तर काय होतं? ती पेशी तगते. गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा तोकडा असतो, प्राणवायू आणि पोषण कमी पोहोचतं. तिथे स्वतःचेच भाग मोडून दिवस काढणं हा कॅन्सरच्या पेशीचा फायदा आहे. आरएएस जनुकातल्या बदलामुळे होणारे कॅन्सर, त्यातही स्वादुपिंडाचा, ऑटोफॅजीवर कसे विसंबून असतात हे २०११ पासून प्रयोगांतून पुढे येत गेलं. म्हणूनच हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन देऊन ऑटोफॅजी अडवायच्या चाचण्या कॅन्सरच्या रुग्णांवर झाल्या आहेत. मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलट.

अर्धं सत्य इथे आहे, ते मान्य करतो. निरोगी पेशीत ऑटोफॅजी नीट चालत असेल तर कॅन्सर सुरू होण्याला काही अंशी आळा बसतो. ऑटोफॅजीला लागणाऱ्या बेक्लिन १ या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांत गाठी जास्त होतात, हे २००३ मध्ये दिसलं होतं. पण सुरुवात रोखणं वेगळं आणि झालेली गाठ विरघळवणं वेगळं. केमोथेरपी चालू असलेल्या, आधीच वजन उतरत चाललेल्या माणसाला "१६ तास खाऊ नका" सांगणं म्हणजे त्याचे उरलेले स्नायू काढून घेणं आहे.

"वाईट जीन्स बंद, चांगली चालू"

जनुकांवर चांगलं-वाईट असं काही लिहिलेलं नसतं. उपासात जनुकांचं वाचन बदलतं हे खरं, पण कसं ते पाहा.

जेवल्यावर अमिनो आम्लं आणि इन्सुलिन मिळून लयकारिकेच्या पृष्ठभागावर एमटॉर नावाचं विकर जागं करतात. ते दोन प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं. एक यूएलके१. फॉस्फेट बसलं की ते गप्प आणि ऑटोफॅजीची पिशवी सुरू होत नाही. दुसरं टीएफईबी. फॉस्फेट बसलं की ते पेशीद्रवात अडकून पडतं. अन्न तुटलं की एमटॉर थंडावतं, फॉस्फेट निघतात, यूएलके१ कामाला लागतं आणि टीएफईबी केंद्रकात जाऊन लयकारिकेची, ऑटोफॅजीची जनुकं वाचायला लावतं. पुन्हा जेवलात की टीएफईबी परत बाहेर. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

त्याच उपासात इन्सुलिन उतरल्यामुळे फॉक्सओ नावाची प्रथिनंही केंद्रकात शिरतात. स्नायूत ती अॅट्रोजिन-१ आणि मर्फ१ यांची जनुकं वाढवतात. ही दोन प्रथिनं स्नायूतल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावतात आणि खूण लागलेलं प्रथिन प्रोटिअॅझोम या पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रात तुकडे व्हायला जातं. (युबिक्विटिनच्या खुणेने प्रथिनं मोडली जातात या शोधाला रसायनशास्त्राचं २००४ चं नोबेल मिळालं. त्याचा फॉरवर्ड कधी येत नाही.) सत्तरीच्या माणसात हे वारंवार घडलं आणि भरपाईला पुरेसं प्रथिन पोटात गेलं नाही, तर मांड्या बारीक होतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. ही "चांगली" जीन्स की "वाईट"?

"१६ तासांनी सुरू होते"

बटण नाही ते. ऑटोफॅजी पोटभर जेवलेल्या शरीरातही मंद चालू असते आणि ती तशी असावीच लागते. मेंदूच्या पेशींतून ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ किंवा एटीजी७ हे जनुक काढलेल्या उंदरांना खायला भरपूर होतं, तरी चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साठले आणि त्या मरू लागल्या. हे २००६ चं काम. खराब प्रथिनं, मोडकी तंतुकणिका निवडून उचलणारी ऑटोफॅजी खरोखर आहे, पण तिथे निवड त्या मालावर लागलेल्या खुणेने होते, घड्याळाने नाही.

उंदरांत २४ तास अन्न बंद केल्यावर यकृत, स्नायू, हृदय यांत ऑटोफॅजी वाढलेली दिसली, मेंदूत तशी दिसली नाही (२००४). म्हणजे प्रत्येक अवयवाचं वेळापत्रक निराळं. त्यात उंदराचा चयापचय इतका वेगवान की एका दिवसाच्या उपासात त्याचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. त्याचे २४ तास माणसाच्या घड्याळावर बसवता येत नाहीत.

मोजणंही सोपं नाही. एलसी३ हे प्रथिन ऑटोफॅजीच्या पिशव्यांच्या पडद्यात बसतं. त्याचं मेदाला जोडलेलं रूप वाढलं की पिशव्या वाढल्या असं म्हणतात. पण पिशव्या जास्त तयार झाल्या तरी ते वाढतं आणि पिशव्या पचल्या नाहीत तरी वाढतं. फरक कळायला लयकारिकेचं काम औषधाने थांबवून दोन्ही मोजमापं ताडून पाहावी लागतात. तुमच्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. तेव्हा "माझी ऑटोफॅजी सुरू झाली" असं कुणी सांगितलं तर तो अंदाज आहे.

"जितका मोठा उपास तितकी सफाई"

नाही. ऑटोफॅजीतून सुटलेली अमिनो आम्लंच एमटॉरला पुन्हा जागं करतात आणि ऑटोफॅजीला आवर बसतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. पेशी स्वतःला संपवून टाकणार नाही, इतकी सोय तिच्यात आहे.

"म्हणून एकादशी"

व्रत श्रद्धेने करणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. त्याला नोबेलचा टेकू लागत नाही आणि लावूही नये. शिवाय आपल्याकडची म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. बटाटा, दाण्याचं कूट आणि तूप घालून दोनदा खिचडी, मध्ये रताळ्याचा कीस, रात्री भगर: यात इन्सुलिन चढतं, दाण्यांतून अमिनो आम्लंही मिळतात. एमटॉरच्या दृष्टीने ते जेवणच. मधुमेहींची साखर त्या दिवशी नेहमीपेक्षा वर गेलेली दिसते ती यामुळेच.

हेही सांगतो: रात्रीचं जेवण लवकर आटोपून सकाळपर्यंत बारा तास काही न खाणं बहुतेक निरोगी माणसांना सोसतं आणि रात्रीचं अवेळी खाणं थांबल्याने काहींचं वजन उतरतं. त्याचं श्रेय कमी झालेल्या खाण्याला द्या.

मधुमेहाचं औषध चालू असताना उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाची मात्रा लिहून घ्या. उपासात दर काही तासांनी साखर तपासा. ७० च्या खाली आली तर, एकादशी असो वा संकष्टी, उपास तिथेच मोडायचा. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. वर आल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोहे असं काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय. आणि ग्लिमेपिराइडच्या गटातली गोळी घेतलेली असेल तर एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती पुन्हा उतरू शकते, त्यामुळे अशा रुग्णाला निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं.