पोरी शिकल्या म्हणून संसार मोडले म्हणे!

लग्नसराईत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: पोरी शिकल्या, कमवायला लागल्या, म्हणून घटस्फोट वाढले आणि शेतकऱ्याचे पोट्टे बिनलग्नाचे राहिले. खाली 'पटलं तर पुढे पाठवा'. मला पटलं नाही.

'कमवायला लागल्या' म्हणजे काय? विदर्भातली बाई कधी कमवत नव्हती? वऱ्हाडात कापसाची वेचणी, भंडारा-गोंदियात धानाची रोवणी, निंदण तर सगळीकडेच बायांच्या हातचं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या खेड्यांत शंभरातल्या सुमारे 42 बाया कामकरी होत्या, शहरांत जेमतेम 17. कमाईनं संसार मोडत असते तर खेडी कधीच मोडली असती. मजुरी घरखर्चात जिरून जाते, पगार मात्र बाईच्या खात्यात दिसतो. दुखणं तिथं आहे.

आता घटस्फोट. त्याच जनगणनेत देशभरात घटस्फोटित साधारण 13.6 लाख, आणि कागद न करता वेगळे राहणारे जवळपास त्याच्या अडीच-तीन पट. आपल्याकडची 'माहेरी बसलेली' यातच येते. चौथी शिकलेली, सोयाबीन सोंगायला रोजानं जाणारी. नवऱ्यानं दुसरी आणली तरी हिच्या हाती फारकतीचा कागद नाही, कारण तालुक्याला तारखेवर जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, वर वकिलाची फी. रेशनकार्डावर नाव अजून सासरीच, म्हणजे तिच्या वाट्याचं धान्यही सासरचेच उचलतात. हा संसार कोणत्या पगारानं मोडला? मजकुरवाल्याच्या हिशेबात तो मोडलेलाच नाही, कारण कोर्टात नोंद नाही. एवढं मात्र मान्य, की हातात पैसा असलेली बाई मार खात पडून राहत नाही. त्यात वाईट काय, ते त्यानं लिहिलेलं नाही.

'अमेरिकेत बघा' हेही आहेच. बघितलं. तिथं पदवीधर बायांचे संसार कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त टिकतात. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात असलेल्या समाजशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा किलवाल्ड यांच्या 2016 च्या अभ्यासात बायकोच्या कमाईनं घटस्फोटाचा धोका वाढलेला दिसला नाही; 1975 नंतरच्या लग्नांत तो वाढला नवऱ्याला पूर्णवेळ काम नसलं तेव्हा.

राहिले बिनलग्नाचे पोट्टे. दुखणं खरं आहे, निदान चुकलंय. 2011 ला बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 855 मुली होत्या. जन्मूच न दिलेल्या पोरी काही एमए करायला गेल्या नाहीत. आणि ज्या आहेत, त्यांनी कोरडवाहू कापसाचा भरवसा किती ते घरच्याच वावरात पाहिलंय. 'शेतीवाला नको, नोकरीवाला पाहा' ही अट बहुतेक वेळा बायोडाटा घेऊन फिरणारा बापच आधी घालतो. तो स्वतः शेतकरी असतो, आणि हा मजकूर त्याच्याही मोबाईलवरून पुढे गेलेला असतो.