आपला कायदा आपल्यालाच?

जानेवारी 2025 मध्ये उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला, तेव्हापासून ठाण्याच्या आमच्या नातेवाइकांत दोन तट पडलेत. काकांचं म्हणणं, एका देशात एकच कायदा हवा. आत्या म्हणते, आपण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, मूठभर, आपल्या रीती त्यात बुडून जातील. मग दोघंही फोन करून मलाच विचारतात, "तिकडे इस्रायलमध्ये सगळ्या यहुद्यांना एकच कायदा आहे ना गं?"

कुठला! पेसाख या आमच्या सणाच्या आठवड्यात इथे अश्दोद शहरातल्या दुकानांत तांदळाच्या पिशवीवर छापलेलं असतं, 'कोशेर (धर्माप्रमाणे खायला चालणारं), पण फक्त कडधान्य खाणाऱ्यांसाठी'. युरोपातून आलेले अश्केनाझी त्या दिवसांत भात-डाळ वर्ज्य मानतात, आम्हाला चालतं. (कोकणातल्या माणसाला आठवडाभर भाताविना ठेवणं ही शिक्षाच.) लग्नानंतर बायकोनं नवऱ्याच्या घरची रीत धरायची असा प्रघात, म्हणून अश्केनाझी घरात दिलेल्या माझ्या भाचीकडे सणात भात शिजत नाही आणि तिच्या आईकडे पातेलंभर शिजतो. पेसाख ठाण्यात आठ दिवस, इथे सात. दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचं ते इथलं. अलिबागच्या वाडीला तो नियम नाही. योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवास मोठ्या माणसांना बंधनकारक, पण जिवाला धोका असेल तर आजाऱ्यानं खाल्लंच पाहिजे, आणि तेही धर्मशास्त्राच्याच आज्ञेनं.

अशा फरकांनी कुणाचं अडत नाही. अडतं ते सरकारी दप्तरात, आणि आमच्या लोकांनी ते भोगलंय. 1962 साली इथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विवाह नोंदवणाऱ्यांना आदेश दिला की बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजीकडची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासा. कारण काय, तर कोकणात आमच्या पूर्वजांना रब्बी नव्हते, धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट होत नव्हते, तेव्हा जुनी लग्नं संशयास्पद. यहुद्यांच्या विश्रांतीचा वार म्हणून शनवारी घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' म्हणवून घेणाऱ्यांच्या नातवंडांना हे ऐकावं लागलं! धरणी झाली, आंदोलन पेटलं. 1964 मध्ये आम्ही सर्व अर्थांनी यहुदी आहोत असं सरकारनं जाहीर केलं, मग आदेशातून आमचं नाव गेलं.

आत्याला हवा तो 'आपला कायदा आपल्याला' इथे 1953 पासून पक्का आहे. यहुद्यांचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे. नवऱ्यानं 'गेट', म्हणजे घटस्फोटाचा लेख, बायकोच्या हाती दिला नाही तर ती अडकली. पुरुषाची बायको अडून बसली तर शंभर रब्बींच्या संमतीनं त्याला दुसरं लग्न करण्याची वाट आहे. बाईला ती नाही. 1995 च्या कायद्यानं अडेल नवऱ्याचा पासपोर्ट अडवता येतो, त्याला तुरुंगातही टाकता येतं, तरी गेट न देता कोठडीत बसून राहणारे नवरे आहेतच. नागरी विवाहाची सोय देशात नाही, म्हणून जोडपी विमानानं सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि परतल्यावर सरकार त्याची नोंद करून घेतं.

काकांचा लाडका दाखला गोव्याचा, तिथे सगळ्यांना एकच नागरी कायदा म्हणून. पण तिथल्या पोर्तुगीज काळातल्या कायद्यातही, बायको तिशीला येईपर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा कागदावर आहे. उत्तराखंडच्या कायद्यानं अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. एकच एक कायदा काकांनाही कुठे सापडायचा नाही.

मला विचाराल तर रीती हव्या तितक्या असोत, पण नको असलेल्याला बाहेर पडता आलं पाहिजे. भारतात त्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. इथल्या तरुणांना तो मिळाला तर सायप्रसचं तिकीट वाचेल. त्यातली तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीची अट मात्र पळून आलेल्या जोडप्यांच्या मुळावर येते. काका आणि आत्या, दोघांनी मिळून आधी ती काढायला लावावी. भांडण नंतर चालू द्या.