चिपचा कारखाना म्हणजे धान्याचे गोदाम नव्हे

नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या माझ्या भाच्याला तैवानमधील शिन्चू येथे पदव्युत्तर प्रवेश मिळाला आहे. गेल्या रविवारी ताईने त्याला तो सोडायला सांगितले, कारण घरच्या ग्रुपवर एक मजकूर आला होता: १९७१ साली संयुक्त राष्ट्रांनी तैवान चीनला देऊन टाकले, चीन ते ताब्यात घेईल त्या दिवशी तिथले चिप कारखाने त्याचे होतील, भारताला फरक पडणार नाही, कारण गुजरातमधील धोलेऱ्यात आपल्या चिप बनणार आहेत. हा मजकूर मला आणखी तिघांनी पाठवला आहे आणि आता गप्प बसवत नाही.

२५ ऑक्टोबर १९७१ चा ठराव क्रमांक २७५८ जेमतेम एका पानाचा आहे. पुढे पाठवण्याआधी कोणी तो वाचला असता तर बरे झाले असते. चीनची जागा बीजिंगच्या प्रतिनिधींना द्यावी आणि १९४९ मध्ये चीनमधून हटून तैवानवर राज्य करणाऱ्या च्यांग काय-शेक यांच्या प्रतिनिधींना बाहेर काढावे, एवढेच त्यात आहे. ‘तैवान’ हा शब्दही त्यात नाही. बीजिंग त्याचा वेगळा अर्थ लावते, पण १९४९ मध्ये स्थापन झालेल्या त्या राजवटीने तैवानवर एक दिवसही राज्य केलेले नाही. भारताने तैवानला देश म्हणून मान्यता दिलेली नाही, हे मात्र खरे. १९९५ पासून आपला व्यवहार तैपेईतील एका कार्यालयामार्फत चालतो.

सर्वांत चीड आणणारा मुद्दा कारखान्यांचा आहे. कळमन्यातील गोदामाचे कुलूप तोडले तर आतले धान्य हाती लागते, पण चिपच्या कारखान्याचे तसे नसते. सर्वांत प्रगत चिपसाठी लागणारी टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) प्रकाशाने चिपवर नक्षी छापणारी यंत्रे जगात केवळ नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी बनवते, त्यांचे आरसे जर्मनीतील झाइसकडून येतात, प्रकाशसंवेदी रसायने प्रामुख्याने जपानी कंपन्यांकडून आणि आराखड्याचे सॉफ्टवेअर बहुतांशी अमेरिकेकडून. सुटे भाग आणि देखभाल थांबली की ही यंत्रे फार काळ चालत नाहीत, आणि अशी यंत्रे नेदरलँड्स २०१९ पासून चीनला विकू देत नाही. तैवानची सर्वांत मोठी चिप कंपनी टीएसएमसीचे तत्कालीन अध्यक्ष मार्क लिऊ यांनीही २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले होते की बळाने ताबा घेतल्यास कारखाने चालूच शकणार नाहीत. तेव्हा आक्रमकाच्या हाती चालता कारखाना लागेल ही कल्पनाच चुकीची आहे. नुकसान मात्र चीनसह सर्वांचे होईल.

धोलेऱ्याबद्दल थोडक्यात. तो प्रकल्प टाटा ज्या पीएसएमसीच्या तंत्रज्ञानावर उभारत आहे, ती कंपनी तैवानचीच आहे, आणि तिथे २८ नॅनोमीटर व त्याहून जुन्या चिप बनायच्या आहेत. हा आकडा जितका लहान तितकी चिप प्रगत, आणि महागड्या फोनचा मुख्य प्रोसेसर ३ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो; म्हणजे तसल्या चिप धोलेऱ्यात बनणार नाहीत. तैवानच्या सामुद्रधुनीत काही घडले तर त्याची झळ भारतालाही बसेल.

सर्वांत प्रगत चिपपैकी सुमारे ९० टक्के एकाच बेटावर बनतात आणि हे धोक्याचे आहे, एवढे त्या मजकुरातून सूचित होणारे मला मान्य करावे लागते. म्हणूनच टीएसएमसी अमेरिकेतील ॲरिझोना आणि जपानमधील कुमामोतो येथे कारखाने उभारत आहे. ताईला युद्धाची भीती वाटत असेल तर त्यावर आम्ही घरात बसून बोलू. पण भाचा जे शिकायला निघाला आहे, ते जाणणारी माणसे धोलेऱ्यालाच हवी आहेत, आणि न वाचलेल्या ठरावाच्या आधारे त्याने प्रवेश सोडावा हे मला मान्य नाही.