अतिवृष्टी ‘अपेक्षित’?

सकाळी टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती : ‘कोकणात उद्या अतिवृष्टी अपेक्षित.’ हातातला चहा तसाच खाली ठेवला. अपेक्षित? कुणाला? डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची घरं आहेत, त्यांनी अपेक्षा धरली होती का हिची? हवामान खातं स्वतः ‘अंदाज’ म्हणतं, ‘इशारा’ म्हणतं. इतके नेमके शब्द आयते मिळत असताना हा कुठून उचलला, ते तुम्हाला सांगायला नको.

अपेक्षा म्हणजे हक्काची मागणी. मुलाकडून मार्कांची, सुनेकडून कामाची. पुरी झाली नाही की अपेक्षाभंग, मग धुसफूस.

माझी आई वाट बघायची.

कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली, ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. अप्पा मुंबईला गिरणीत. गणपतीच्या आदल्या दिवशी एसटीने यायचे. आई दुपारपासून तांदळाचं सूप घेऊन पडवीत बसायची. बोटं खडे काढायची, डोळे मात्र पाणंदीवर. वाट खरोखरच बघायची. कावळा ओरडला की म्हणायची, “निघाले गो.”

प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, तिन्ही एकाच ‘ईक्ष्’ धातूतून आले, बघण्यातून. फरक सगळा उपसर्गाचा. उत्कंठेत तर कंठच आहे, मान उंचावून बघणं. वळणावर हॉर्न वाजला की आईची मान अगदी तशी व्हायची.

मान्य, पट्टीत जागा कमी असते. भाषाही बदलते. बदलू दे. पण ‘भीती’, ‘शक्यता’, ‘आशा’, ‘हुरहूर’ एवढं सगळं एका ‘अपेक्षित’मध्ये कोंबायचं? राग येतो हो, खरंच येतो.

मी तिसरीत असताना कशेडी घाटात दरड आली. एसटी आलीच नाही. आईने अप्पांच्या वाटणीचा भात झाकून ठेवला, कंदिलाची वात बारीक करून तो पायरीवर ठेवला आणि तिथेच बसून राहिली. चिडली नाही, एक शब्द बोलली नाही. पहाटे पावलांची चाहूल आमच्या कुत्र्याच्या आधी तिला लागली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन अप्पा अंगणात उभे होते.

आत्ता लिहिता लिहिता तिला फोन लावला. उद्या पाऊस मोठा आहे, बाहेर पडू नकोस म्हटलं. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

“गणपतीला कधी येतेस?”

“आदल्या दिवशी. रात्र होईल गं.”

“होऊ दे. पायरीवरचा दिवा चालू ठेवते.”